कतरण

आमच्या घरात पुस्तकं चिकटवायची खळ आणि पिठलं एकाच चुलीवर शिजायचं. दिसायलाही दोन्ही सारखंच, गदगद करत बुडबुडे सोडणारं. फरक एवढाच, की खळीत माय शेवटी मोरचूद टाकायची, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही, आणि ते पातेलं न्हाणीजवळच्या कोनाड्यात वेगळं ठेवायची. मोरचूद पडायच्या आधीच मामा एकदा घरात आला, झाकण काढलं, वाटीभर खळ भाकरीसोबत खाल्ली आणि वर म्हणाला, "आक्का, मीठ इसरलीस बग." हे त्याला म्हातारा होईपर्यंत ऐकावं लागलं. आमची पहाट म्हणजे तांब्याच्या हंड्यावर पाणी पडल्याचा आवाज, मग वडिलांची, आप्पांची, लिंगपूजा, मग कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओले असतानाच समोरच्या खोलीतून ठक, ठक, ठक असा लाकडी मोगरीचा आवाज. पुस्तकाची पाठ ठोकून गोल करायची असते. त्या आवाजानं मी उठायचे. आजही कुठं सुतारकाम चाललेलं असलं की पहाट झाली असं वाटतं, आणि मग आपण कुठं आहोत ते आठवायला थोडा वेळ लागतो.

वडवणीत स्टँडवरून बाजाराकडं जाताना आमची समोरची खोली म्हणजे दुकान, पडद्यामागं घर. दुकानाला पाटी नव्हती. जुन्या पुस्तकांचं दुकान म्हटलं की लोक बोट दाखवायचे. परीक्षा झाल्या की पोरं पुस्तकं विकायला यायची, शाळा उघडायच्या आधी विकत घ्यायला यायची, आणि मधल्या उन्हाळ्यात आप्पा त्या पुस्तकांची जिल्द बांधायचे. बीडला एका उस्तादांच्या हाताखाली ते पोरवयात शिकले होते. आमची भावकी सगळी किराण्यात आणि आडतीत. त्यात वाण्याच्या पोरानं हे काय हातात धरलं, असं आज्जा शेवटपर्यंत म्हणत राहिला. आप्पा चौथी शिकलेले. मराठी वाचायचे, उर्दू अक्षर लावून लावून वाचायचे, पण लिहायचं म्हटलं की अंग चोरायचे. माझ्या प्रगतीपुस्तकावर मायचा अंगठा असायचा, कारण आप्पा म्हणायचे, माझी सही लई वंगाळ दिसती, तुझ्या चांगल्या मार्कांशेजारी शोभायची न्हाई.

त्यांच्या कामाची एक रीत होती, आणि या प्रकरणात जे सांगायचंय ते त्या रीतीमुळंच घडलं. आप्पा वापरलेल्या पुस्तकाला उष्टं म्हणायचे. एकाच्या ताटातलं दुसऱ्याला वाढत नाहीत, तसं एकाचं उष्टं पुस्तक दुसऱ्या लेकराला द्यायचं नाही. आधी ते चोख करायचं. पहिल्या पानावरचं नाव पात्यानं असं खरवडायचे की कागद उजेडात धरला तरी खरवडलेलं दिसू नये. पेन्सिलच्या खुणा पावाच्या गोळ्यानं पुसायच्या. मग पुस्तक शिकंज्यात आवळून तिन्ही कडा कापायच्या, कारण पोरांची बोटं, थुंका, शाई, तेल सगळं कडेला लागलेलं असतं. ते म्हणायचे, "गिरजे, दुसऱ्याचं नाव आसलं का इद्या त्याच्याकडंच वापस जाती. लेकरू घोकून मरतंय आन मार्क जातेत त्या पहिल्याला." हे ते गमतीत म्हणत नसत. कापलेल्या कडांच्या बारीक पट्ट्या, म्हणजे कतरण, एका पत्र्याच्या डब्यात पडायची आणि तो डबा चुलीपाशी जायचा. आमच्या चुलीनं कधी रॉकेल मागितलं नाही. माय चिमूटभर कतरण खाली सरकवायची, काडी लावायची, की भुरकन जाळ. गावातल्या पोरांची गिचमिड, पाढे, कुणी कुणाच्या नावापुढं काढलेली बदामं, सगळं आमच्या भाकरीखाली जळायचं.

मी आमच्या भावकीतली पहिली ग्रॅज्युएट. पोरीत नव्हे, पोरापोरींत मिळून पहिली. हे मी अजूनही कुणी विचारलं नसताना सांगते आणि सांगत राहणार. बीडला रोज एस्टीनं जाऊन मी बी.ए. केलं, आणि ते सगळं आप्पांनी चोख केलेल्या पुस्तकांवर केलं. एकही कोरं पुस्तक विकत घेतलं नाही. निकाल लागला तेव्हा मायनं येसराची आमटी आणि पुरण केलं, आत्यानं तिथंच माझ्या स्थळाचं काढलं, आणि आप्पा माझं सर्टिफिकेट घेऊन उजेडात धरून पाहत बसले. नाव नीट छापलंय का बघत असतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "कागद चांगला हाय."

पण त्याच सुमारास दुकानाला धाप लागली होती. सरकारनं शाळेत पुस्तकं फुकट वाटायला सुरुवात केली. सरकारनं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांना पहिल्यांदाच कोरी पुस्तकं मिळत होती, आणि कोऱ्या पुस्तकाचा वास मलाही कधी मिळाला नव्हता. पण त्या उन्हाळ्यात आमच्या दारात कुणी आलं नाही. वरच्या वर्गाचा अभ्यासक्रमही बदलला. आप्पांनी चोख करून ठेवलेला ढीग तसाच राहिला. माजलगावच्या मोंढ्यात चुलत्यांची आडत होती. त्यांनी निरोप धाडला की गादीवर बसायला माणूस पाहिजे, घरचाच असला तर बरं. चुलते चांगले होते, पण निरोप सगळ्या बाजारात सांगून मग आमच्याकडं आला होता. आप्पा जेवताना म्हणाले, "मोंढ्यात जाऊन मी काय करू? तूर मोजू?" आणि ताटावरून उठले. त्यांना अर्ध्या ताटावरून उठलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या.

बीडच्या स्टँडमागं एका माडीवर नेट कॅफे होता. फेरोज नावाचा माझ्याच वयाचा पोरगा तो चालवायचा, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. कॉलेजात असताना मी निकाल बघायला तिथं जायची. त्यानं मला सांगितलं की नेटवर एक बाजार आहे, तिथं लोक जुन्या वस्तूंचे फोटो टाकतात आणि लांबलांबचे लोक बोली लावून घेतात. घड्याळं, नाणी, पुस्तकंसुद्धा. मी विचारलं, जुनी पुस्तकं कोण घेतं? तो म्हणाला, "बाजी, फिकर नक्को. तुम फोटू डालो, पूरा हिंदुस्तान देखता." घरी हे सांगितलं तर माय म्हणाली, "आता रद्दी टीवीत इकायची व्हय? मंग गिऱ्हाइकाला पानी कोन देनार, त्यो डबा?" आप्पा हसले नाहीत. त्यांनी माळ्यावरचा पेटारा खाली काढला.

त्या पेटाऱ्यात शाळेची नव्हेत अशी पुस्तकं होती. दिंद्रुडच्या, नेकनूरच्या बाजारातून रद्दीबरोबर आलेली, आप्पांना टाकवली नाहीत म्हणून राहिलेली. वैद्यकीची, किडींची, घोड्यांच्या दुखण्यांची, काही उर्दू. मी आठवड्यातून एकदा पिशवीत दहाबारा पुस्तकं घालून बीडला जायची आणि फेरोजच्या स्कॅनरवर एकेक मिटूनच पालथं घालायची, नुसतं वरचं कव्हर उतरायचं. मग इंग्रजीत माहिती भरायची. माझं इंग्रजी पुस्तकी होतं, पण होतं. त्या बाजारात एक रकाना असायचा, वस्तूत काय दोष आहे ते प्रामाणिकपणे लिहा. मी प्रामाणिक होते. पानं पिवळी, पाठ फाटकी, वाळवीचं भोक, सगळं लिहायची. दसऱ्यापर्यंत तीन पुस्तकं गेली. तेवढ्यानं काही होणार नव्हतं, पण आप्पा पोस्टाची पावती विभूतीच्या डबीखाली ठेवू लागले.

पेटाऱ्यातलं आणखी एक पुस्तक आकाशातल्या ताऱ्यांचं होतं. जुनं, निजामाच्या वेळचं, खिळखिळं झालेलं. त्याच्या पहिल्या पानावर लफ्फेदार अक्षरात लिहिलं होतं: श्रीपाद रंगनाथ, मुदर्रिस, नेकनूर. मुदर्रिस म्हणजे मास्तर. आणि आत जवळजवळ प्रत्येक पानाच्या कडेला त्याच हाताच्या बारीक शाईच्या ओळी. मी दोषाच्या रकान्यात ते सगळं भरलं. पहिल्या पानावर अमुक नाव आहे, कडेला कुणीतरी लिहून ठेवलंय. फेरोज टाइप करून करून हात भरून आला म्हणून चहा सांगायला गेला होता, तेवढ्यात मी दोन ओळी वाचल्या. एक होती: आज ढग, काही दिसले नाही. दुसरी होती: कमळीला मृग दाखवला, तिला बाण दिसला. तिसरी वाचायला लागले तेवढ्यात चहा आला.

पंधरवड्यानं उत्तर आलं, इंदूरहून. एका माणसानं मी लावलेली किंमत तर कबूल केलीच, वर दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून दोनदा लिहिलं. मग पुन्हा लिहिलं की पोस्टानं पाठवू नका, माझी आजी स्वतः येऊन घेणार आहे, तिला हे पुस्तक फार मोलाचं आहे. एवढंच. मोटारीनं येऊ, अमुक दिवशी. मी त्या उत्तराचं प्रिंट काढून घरी आणलं आणि सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं. आप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं. इंदूरहून एक म्हातारी बाई आमच्या दुकानात एका पुस्तकासाठी येणार होती. माय म्हणाली, दाराला चुना लावावा लागंल. जेवण झाल्यावर आप्पांनी मोरचूद संपलाय का ते विचारलं.

मला मधल्या दोन दिवसांत बीडला एका भरतीच्या परीक्षेला जायचं होतं. मामाकडं राहून ज्या संध्याकाळी परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. आप्पांनी फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. मला ते आधी ओळखूच आलं नाही. गर्द निळं कापड, कोपऱ्यांना चामड्याचे त्रिकोण, आत अबरीचा, रंगांच्या लाटा उठवलेला कागद, तोही उस्तादांच्या वेळचा, जो त्यांनी माझ्या लग्नातल्या कशाला तरी म्हणून ठेवला होता असं माय म्हणाली. कडा तर आरशासारख्या. शाई छापील मजकुराच्या अगदी जवळ आली होती, म्हणून त्यांनी छापील अक्षराला धक्का न लावता दोन जवाच्या अंतरावर पातं चालवलं होतं. शिलाईकडच्या बाजूचं पात्यानं खरवडून काढलं होतं. असं काम मी त्यांच्या हातून आधी पाहिलं नव्हतं, पुढंही पाहिलं नाही. मी म्हणाले, आप्पा, हे नवं कोरं झालं. ते म्हणाले, "येवढ्या लांबून येनार, मानसं मोठी. उष्टं कसं द्यावं त्यास्नी?" आम्ही तिघंही ते पुस्तक पाहत बसलो. आता लिहिताना वाटतं, आमच्या घरातली ती शेवटची सुखाची संध्याकाळ असावी. तेव्हा ती नुसती संध्याकाळ होती. हुलग्याचं माडगं होतं आणि आप्पांनी दोनदा मागून घेतलं.

पाहुणे सकाळीच आले. नातू तिशीतला, चांगला बोलणारा. आजी ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, काठी, पण नजर लख्ख. मोटारीतून उतरताच त्यांनी विचारलं, नेकनूर इथून कोणीकडे? आप्पांनी दिशा दाखवली. त्या तिकडं तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग दुकानात येऊन खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. वडील नेकनूरला मास्तर. निजामाच्या शेवटच्या धामधुमीत घर सोडावं लागलं, अंगावरच्या कपड्यानिशी. पुढं वडील फार जगले नाहीत. फोटो नव्हता. त्यांच्या हातचं एक अक्षर कुणापाशी उरलं नव्हतं. नातवानं सहज म्हणून पणजोबांचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं, तर अख्ख्या जगात एकाच ठिकाणी ते लिहिलेलं निघालं. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू लिहिलंस ना ते? शिकलेली आहेस म्हणून लिहिलंस. दुसरं कुणी नसतं लिहिलं."

आयुष्यात माझ्या शिक्षणाचं इतकं कौतुक कुणी केलं नसेल, आणि ते ऐकताना माझी नजर फडक्यातल्या पुस्तकावर होती. मी आप्पांकडं पाहिलं. त्यांना अजून कळलं नव्हतं, किंवा कळत होतं. ते फडकं सोडत होते. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केलं, ताट वाढावं तसं.

आजींनी निळ्या कापडावरून हात फिरवला. पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. पान त्यांनी दाराच्या उजेडाकडं धरलं. आप्पांच्या हाताला उजेडात धरलं तरी दिसू नये अशी सफाई होती, हे मी वर लिहिलंच आहे. नातवानं पुस्तक घेऊन भराभर चाळलं आणि विचारलं की हे तेच पुस्तक आहे का. मी हो म्हणाले. मग नाव कुठं आहे? आप्पा म्हणाले, "काढलं साहेब. समदं सोच्छ केलं. येक ठिपका न्हाई ठिवला." नातवाचा आवाज चढला. लिहिता एक आणि देता दुसरं, मी त्या बाजारात तक्रार लिहीन, असं काहीबाही तो बोलत राहिला. आजींनी नुसता हात वर केला, तो गप्प झाला. आप्पा उभेच होते. त्यांनी आपलं तेच वाक्य पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, की दुसऱ्याचं उष्टं कसं द्यावं.

आजींनी विचारलं, "बापाचं उष्टं असतं का हो?"

रागानं नव्हे. खरंच विचारावं तसं विचारलं.

त्यानंतर जे झालं त्यात कुणाचं काही चुकलं नाही, हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. पडद्यामागून काडी ओढल्याचा आवाज आला. माय पाहुण्यांसाठी चहा ठेवत होती. मी आत पळाले. डबा चुलीपाशी उघडा होता, मायच्या हातात पट्ट्यांची चिमूट होती, आणि खाली जाळ धरला होता. मी तिचा हात धरला तर ती घाबरून म्हणाली, कावून गं, काय झालं? दोन सकाळी आणि एक संध्याकाळ त्याच डब्यातली कतरण जळाली होती. माझं माडगंही त्यावरच शिजलं होतं. डब्याच्या तळाशी मूठ दीड मूठ उरली होती, तीही गावच्या भूगोलात आणि पाढ्यांत मिसळलेली.

तो डबा मी आजींपुढं नेऊन ठेवला. त्यांनी खुर्ची सोडली आणि पोत्यावर बसल्या. एकेक पट्टी उचलायची, डोळ्याशी न्यायची, शाई जुनी आहे का नवी ते बघायचं. आम्ही सगळे भोवती बसलो, नातूसुद्धा, आप्पा सोडून. कुठं नुसती वेलांटी, कुठं अर्धा 'ढ', कुठं एखादा काना. शब्द असा एकही निघाला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "तू वाचलं होतंस का काही?"

मी म्हणाले, दोन ओळी. मग सांगितल्या. आज ढग, काही दिसले नाही. आणि, कमळीला मृग दाखवला, तिला बाण दिसला.

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "मी कमळी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला नव्हता दिसला. मी खोटंच हो म्हटलं होतं." थोड्या वेळानं त्यांनी ती ओळ पुन्हा म्हणून दाखवायला लावली, आणि मोटारीत बसायच्या आधी आणखी एकदा.

पुस्तकाचे पैसे नातू देऊ लागला, आप्पांनी हात मागं घेतले. आजी जाताना आप्पांना म्हणाल्या, तुमचं काम फार सुंदर आहे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक खुर्चीवरच ठेवलं, आणि निवडलेल्या पट्ट्या रुमालात बांधून कमरेला खोचल्या. चहा तसाच राहिला. मोटार नेकनूरच्या रस्त्याला लागली की इंदूरच्या, ते मी पाहिलं नाही.

आप्पा त्या दिवसानंतर कुणावर चिडले नाहीत, दारू प्यायले नाहीत, आजारीही पडले नाहीत. एक दिवस मी उठले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मोगरीचा आवाजच झाला नव्हता. दिवाळीच्या आधीच ते माजलगावला चुलत्यांच्या गादीवर बसायला गेले. शिकंजा लोखंडाच्या भावानं गेला. मोंढ्यातून दर शनिवारी ते एस्टीनं घरी यायचे, भाकरी खायचे, आणि चुलीपाशी कागदाचा तुकडा दिसला की उचलून आधी उजेडात धरून पाहायचे, मग बाजूला ठेवायचे. माय शेवटी शेणकुटं आणि रॉकेल वापरू लागली. घरात कागदाचे असे बाजूला ठेवलेले तुकडे साठत गेले. कशाची वेष्टणं, बिलं, वर्तमानपत्राचे कोपरे. ते गेले तेव्हा एक गोणी भरली. पुढं मला नोकरी लागली, बीड सुटलं. आत्याला अजून वाटतं की माझं शिक्षण आमच्या घराला लाभलं नाही. मी तिच्याशी भांडते, पण पूर्वीसारखं नाही.

ते निळं पुस्तक माझ्याकडं आहे. कसर लागलेली नाही, पाठ अजून गोल आहे. आता भाचीनं फोनवर तो जुन्या पुस्तकांचा बाजार लावून दिलाय, त्या वेळच्यापेक्षा शंभरपट मोठा. मास्तरांची सही असलेलं, कुणाच्या टिपा असलेलं, असं लोक आता मुद्दाम लिहितात आणि जास्त भाव घेतात. मी काही विकत नाही, घेतही नाही. आप्पांनी बांधलेली शेकडो पुस्तकं या जिल्ह्यातून कुठं कुठं गेली असतील, त्यातलं एखादं तरी दिसावं म्हणून रोज दुपारी जेवणानंतर बघते. वर शोधायची चौकट असते. तिथं काहीतरी लिहावं लागतं. उस्तादांनी आप्पांना शिकवलं होतं की जिल्दीवर आपलं नाव टाकायचं नसतं, आणि आप्पांनी तर दुसऱ्याचंही कुठं राहू दिलं नाही. मी फोन हातात धरून बसते. चौकट रिकामीच राहते, आणि मग थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा होतो.